लोकगीतांच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च कोणी उचलायचा?

विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी कवितेचे चाळीस पानी पुस्तक छापले गेले, तरी त्याची प्रत जपून ठेवण्याची सोय या देशात 1954 पासून कायद्याने केलेली आहे. प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायच्या असतात, आणि दोन वर्षांनी या तरतुदीत वृत्तपत्रांचीही भर पडली. त्याच गावातल्या खडीगंमतीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गाण्या-नाट्याच्या लोककलेच्या शाहिराने उभ्या हयातीत बांधलेली आणि गायलेली गाणी मात्र कोणी ध्वनिमुद्रित केली, तर ती प्रत कोठे द्यायची, कोणी सांभाळायची आणि पन्नास वर्षांनी ती कोणाला ऐकायला मिळावी, याबद्दल तो कायदा काही सांगत नाही. छापलेला शब्द ही समाजाची ठेव आहे, हे आपण मान्य केले आहे. गायलेल्या शब्दाबाबत ते अजून मान्य व्हायचे आहे. नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजूला लोकसंगीतासाठी एक लहान, स्वतंत्र रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवताना माझ्या वाट्याला आलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

स्टुडिओच्या अडचणी म्हटल्या की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भाडे, वीजबिल आणि महागडी यंत्रे येतात. त्या अडचणी आहेतच. नागपूरचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा कूलर आणि एसी दोन्ही बंद ठेवून गाणाऱ्यांना बंद खोलीत बसवावे लागते, कारण कंडेन्सर मायक्रोफोन पंख्याची घरघरसुद्धा सोडत नाही. लग्नसराईत जवळच्या मंगल कार्यालयातला डीजे भिंतीतून आत येतो आणि आवाज शोषणाऱ्या रॉकवूलचे थर लावले तरी त्याचा ठोका पुरता थांबत नाही. पण अशा गोष्टींतून मार्ग निघतो. काम पहाटेवर ढकलता येते, दोन टेकच्या मध्ये दार उघडून सगळ्यांना पाणी देता येते. ज्या अडचणीवर एकट्या स्टुडिओवाल्याजवळ इलाज नाही ती अशी, की लोकसंगीत नीट नोंदवायला जो वेळ लागतो त्याची किंमत मोजणारे आज कोणीच उरलेले नाही.

हा वेळ कशात जातो, ते खडीगंमतीचेच उदाहरण घेऊन सांगतो. आजच्या स्टुडिओची रूढ पद्धत अशी, की प्रत्येकाच्या कानावर हेडफोन चढवायचे, त्यात मेट्रोनोमचा, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचा ठोका सोडायचा, वाद्ये वेगवेगळी घ्यायची आणि शेवटी त्यावर आवाज घ्यायचा. भंडारा-गोंदियाकडच्या मंडळींना या पद्धतीने बसवले की गाणे जागच्या जागी मरते. शाहिराची लय गाण्याबरोबर चढत जाते आणि ती किती चढवायची हे ढोलकीवाला त्याच्या खांद्याकडे पाहून ठरवतो. मेट्रोनोमला खांदा नसतो. मागे साथीला गाणारे झीलकरी ओळीचे शेवटचे अक्षर शाहिराच्या तोंडातून सुटण्याआधीच उचलतात, आणि त्यासाठी त्यांना त्याचे ओठ दिसावे लागतात. मध्ये काचेचे तावदान आले की झील अर्ध्या मात्रेने मागे पडते. त्यामुळे सर्वांना एकाच खोलीत, त्यांच्या सवयीच्या अर्धवर्तुळात उभे करावे लागते. ढोलकीचा मायक्रोफोन खाली, तिच्या तोंडाला तिरपा. टुणटुण्याचा, म्हणजे एकतारी वाद्याचा, अगदी जवळ, कारण त्याचा आवाज बारीक. डफाचा शक्य तितका दूर. शाहीर उभ्याने गातो आणि गाता गाता दोन पावले पुढे-मागे होतो, म्हणून त्याच्यासाठी दोन मायक्रोफोन. पावसाळा असला तर डफाचे कातडे सैल पडलेले असते. गावात ते आगटीवर शेकतात; येथे बाहेरच्या पडवीत शेगडी पेटवून द्यावी लागते आणि दर दोन गाण्यांनी वाद्य बाहेर न्यावे लागते. पेटीवाला काळी चार ही पट्टी धरतो, पण त्याची पेटी सुरात किंचित उतरलेली असते आणि गाणाऱ्यांचे गळे वर्षानुवर्षे त्या उतरलेल्या पेटीलाच लागलेले असतात, त्यामुळे नंतर त्यावर कीबोर्ड चढवू म्हटले तर ते जुळत नाही. हे सगळे जमून, मंडळी जेवून, नव्या जागेचा संकोच जाऊन, संध्याकाळच्या सुमारास एक टेक असा येतो की खोलीतल्या सर्वांना कळते, हाच तो. ज्या वेळात तयार ट्रॅकवरची डझनभर गाणी हातावेगळी झाली असती, त्या वेळात येथे दोन गाणी होतात.

काम तेवढ्यावर संपत नाही. 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट या दर्जाने आठ ट्रॅकवर तासभर नोंदवले की चार जीबीहून अधिक जागा लागते. प्रत एकच ठेवली तर एक दिवस डिस्क बसते आणि सगळे जाते, म्हणून दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवायच्या, आणि त्या डिस्कही काही वर्षांनी बदलायच्या. शिवाय कोणी गायले, गाव कोणते, गाणे कोणाकडून आले, कोणत्या सणाला किंवा कोणत्या कामाच्या वेळी म्हणतात, चाल परंपरेची की शाहिराची स्वतःची, ही माहिती लिहून काढायला गाणाऱ्यांबरोबर निवांत बसावे लागते. माझ्या मते ध्वनिमुद्रणाचे निम्मे मोल या नोंदीत आहे. ती नसली तर पंचवीस वर्षांनी हाती उरतो तो एक बेवारस आवाज.

कॅसेटच्या काळात या वेळेचे पैसे थोडेफार सुटत असत. भजनी मंडळे, शाहीर, कव्वाल आपल्या कॅसेटी काढत आणि त्या यात्रांत, आठवडी बाजारांत खपत. नागपूरपुरते बोलायचे तर दीक्षाभूमीने लहान ध्वनिमुद्रणाला जेवढा आधार दिला तेवढा दुसऱ्या कशानेच दिला नसेल. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येणारे लाखो लोक पुस्तकांबरोबर भीमगीतांच्या कॅसेटी आणि पुढे सीड्या विकत घेऊन घरी जात, आणि त्यातून कितीतरी गायक-गायिकांचा आवाज मोठ्या कंपन्यांच्या मदतीशिवाय महाराष्ट्रभर पोचला. ऐकणाऱ्याने दिलेले पैसे गाणाऱ्यापर्यंत आणि नोंदवणाऱ्यापर्यंत पोचण्याची ती एक सरळ वाट होती. मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डात गाणी भरून देणे सुरू झाले तेव्हाच ती अरुंद झाली होती. सर्व काही इंटरनेटवर फुकट मिळू लागल्यावर ती बंदच झाली.

त्या जागी जे आले ते मोठ्या गर्दीच्या हिशेबाने आखलेले आहे. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायचा तर आधी किमान 1,000 सदस्य आणि बारा महिन्यांत 4,000 तासांचा प्रेक्षकवेळ लागतो (लहान व्हिडिओंसाठी मोजमाप वेगळे आहे). स्पॉटिफायने 2024 पासून असा नियम केला की बारा महिन्यांत 1,000 वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला मानधनच नाही. जे गाणे मुळात दोन-तीन तालुक्यांत आणि वर्षातून एकाच महिन्यात म्हटले जाते, त्याला हे निकष लावणे म्हणजे ते आरंभीच बाद करणे होय. म्हणून माझ्यासारखे स्टुडिओ जगतात ते निवडणुकीच्या प्रचारगीतांवर, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या गाण्यांवर आणि ऑटोवर भोंगा लावून फिरवल्या जाणाऱ्या जाहिरातींवर. ही कामे मी मनापासून करतो, ती करणाऱ्या गायकांचीही घरे त्यावर चालतात, आणि त्यांच्या कमाईतून वर्षाकाठी काही दिवस लोकगीतांसाठी राखून ठेवता येतात. पण एका प्रदेशाच्या गाण्यांची नोंद एखाद्या स्टुडिओवाल्याच्या उरल्यासुरल्या दिवसांवर सोपवून समाजाने निश्चिंत राहावे, हे मला पटत नाही. गाणाऱ्यांकडून पैसे घ्यावेत असे सुचवणाऱ्यांनी ते कोण आहेत याचा विचार करावा. दंडारीत, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात गाणारा माणूस बहुधा धानाच्या बांधीत (शेतात) मजुरी करणारा असतो. नागपूरला येऊन गायचे म्हणजे त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे वेगळेच. त्याच्याकडून फी मागणे जितके अशोभनीय, तितकेच ‘प्रसिद्धी मिळेल’ असे सांगून त्याला फुकट गायला लावणेही.

पैशांहून अधिक नुकसान हक्कांच्या बाबतीत होते, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणासाठी जो पुढाकार आणि जबाबदारी घेतो तो निर्माता, आणि ध्वनिमुद्रणाचा पहिला मालकही तोच. 1994 च्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या सादरीकरणावर जे हक्क मिळाले त्यांची मुदत आज 50 वर्षांची आहे; 2012 च्या दुरुस्तीने व्यापारी वापराच्या मानधनात त्याचा वाटा मान्य केला आणि सादर करणारा म्हणून आपले नाव लागावे, हा हक्कही त्याला दिला. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. प्रत्यक्षात गावात जो जातो तो एखाद्या चॅनेलचा माणूस असतो. तो मंडळाला हजार-दोन हजार रुपये आणि जेवण देतो, मंडळाच्या प्रमुखाची एका इंग्रजी छापील कागदावर सही घेतो आणि त्या क्षणापासून ते ध्वनिमुद्रण त्याचे होते. गाणाऱ्या आठ जणांपैकी सात जणांना कागद होता हेही ठाऊक नसते. बायकांच्या गाण्यांत तर हे हमखास घडते. हळदीची, डोहाळ्यांची, भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या बाया स्वतःला कलावंत म्हणवून घेत नाहीत, त्यांचे नाव ‘महिला मंडळ’ एवढ्या दोन शब्दांत उरकले जाते आणि सही घरातला पुरुष करतो. कायद्याने दिलेला नावाचा हक्क त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

मी स्वतः अनुभवलेला एक प्रसंग येथे सांगणे भाग आहे. आमच्या वस्तीतल्या काही म्हाताऱ्या बायांनी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत म्हणायची भुलाबाईची गाणी आमच्याकडे म्हटली. टाळ्यांखेरीज त्यात कोणतेही वाद्य नव्हते. ती सर्वांना ऐकता यावीत म्हणून आम्ही इंटरनेटवर ठेवली, तर एका गाण्यावर एका संगीत कंपनीचा मालकीहक्काचा दावा आला. त्या कंपनीने त्याच पारंपरिक चालीचे वाद्यमेळासह ध्वनिमुद्रण कधीतरी बाजारात आणले होते आणि यंत्राने चाल जुळवून आमचे गाणे तिच्या नावे लावले. हरकत घेतली की दावेदाराला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात. तोवर भुलाबाईचे विसर्जन होऊन जाते आणि त्या वर्षी ते गाणे शोधणाऱ्या लेकीबाळींना ते दुसऱ्याच्या नावावर दिसत राहते. दावा अखेर मागे घेतला गेला, पण ज्या आजी हे गाणे त्यांच्या आजीकडून शिकल्या त्यांना ‘हे गाणे तुमचे नाही’ असे काही काळ का होईना सांगितले गेले, ही गोष्ट मला अजूनही स्वस्थ बसू देत नाही. पारंपरिक चाल कोणा एकाच्या मालकीची होऊ शकत नाही, हे कायद्याचे तत्त्व आहे; ते सिद्ध करायला लागणारा पुरावा म्हणजे तारीख, गाव आणि गाणाऱ्याचे नाव असलेले जुने ध्वनिमुद्रण. तेच आपल्याकडे नसते.

यावर दोन आक्षेप मी वारंवार ऐकतो. पहिला असा, की आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, सगळे आपोआप नोंदले जात आहे. जे नोंदले जाते त्याची अवस्था पाहावी. गर्दीत हात उंचावून घेतलेले, अर्ध्यातून सुरू होणारे, व्हॉट्सॲपवरून फिरताना दाबले जाऊन आवाजाचे पापुद्रे निघालेले ते तुकडे फोन बदलला की जातात, आणि राहिले तरी ते कोणाचे हे सांगता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे: लोकगीत गाण्यात जगते, डब्यात बंद करून नव्हे. हे खरे आहे, आणि ध्वनिमुद्रण झाले म्हणून एखादी परंपरा जगली असे मी कधीच म्हणणार नाही. पण गाण्याचे काम आणि गाण्याचे निमित्तच जेव्हा संपते, तेव्हा काय करायचे? पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. हेमा राईरकर आणि गी पोइटव्हँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या नसत्या, तर त्या बायांनी जात्याशी काय बोलून ठेवले आहे हे आज आपल्याला वाचायला आणि ऐकायला मिळाले नसते. आमच्या पूर्व विदर्भात रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या बांधीवर आता ब्लूटूथ स्पीकर वाजतो. रोवणीची गाणी पाठ असलेल्या बाया साठी-सत्तरीच्या आहेत आणि त्यांच्यासाठी थांबायला वेळ नाही.

मग खर्च कोणी उचलायचा? माझे उत्तर आपल्याच राज्यातल्या एका जुन्या व्यवस्थेवरून सुचलेले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. त्या कायद्याखाली गावोगावची ग्रंथालये लोकांनीच स्थापन केली, लोकांनीच चालवली, आणि शासनाने अ, ब, क, ड असे वर्ग पाडून त्यांना दरवर्षी अनुदान दिले. पुस्तके कोणती घ्यावीत हे ग्रंथालयाच्या समितीने ठरवायचे, शासनाने फक्त ठरलेली कामे होतात की नाही ते पाहायचे, असा त्यामागचा विचार होता. लोकसंगीताची नोंद करणाऱ्या लहान स्टुडिओंना, महाविद्यालयांना किंवा मंडळांना याच धर्तीवर नोंदलेल्या तासांमागे अनुदान द्यावे, आणि त्याच्या अटी कडक असाव्यात. गाणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च आधी मिळाला पाहिजे. ध्वनिमुद्रणाची एक प्रत नोंदींसह सार्वजनिक संग्रहात जमा झाली पाहिजे. आणि करार मराठीत, एका पानाचा, गाणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवलेला असावा. गाणे अभ्यासासाठी सर्वांना खुले, व्यापारी वापराचा निर्णय मात्र गाणाऱ्यांच्या हाती. गोंडी, माडिया किंवा कोलामी बोलणाऱ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलणारा माणूस त्या वेळी हजर असावा.

पैसा नाही, हे कारण मला मान्य नाही. लोककलांच्या नावाने शासन आणि संस्था महोत्सवांवर खर्च करतातच. मंच, प्रकाशयोजना, फलक आणि पाहुण्यांचा सत्कार यांतून तीन दिवसांनी हाती काय उरते, हा प्रश्न मी कडवटपणे विचारत नाही. महोत्सवांनी अनेक कलावंतांना मान आणि काम दिले आहे. मात्र प्रत्येक महोत्सवाच्या खर्चातला एक ठरावीक हिस्सा तेथे आलेल्या मंडळींच्या स्वतंत्र, शांत ध्वनिमुद्रणासाठी राखून ठेवला, तर नवा पैसा न लागता निम्मे काम होईल. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालय नागपुरातच आहे, आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 पासून आहे. आकाशवाणीने लोकगायकांना स्वरचाचणी, प्रवासखर्च आणि मानधन देऊन बोलावले तेव्हा सार्वजनिक पैशातून हे काम होऊ शकते, हे दिसलेलेच आहे. प्रसारणाच्या मोजक्या मिनिटांत न बसणारे गाणे, म्हणजे रात्रभर चालणारी दंडार किंवा पहाटेपर्यंतचे जागरण, नोंदवायला मात्र वेगळी सोय हवी.

सरकारी अनुदान म्हणजे लाचारी आणि दिरंगाई, असे माझे काही व्यवसायबंधू म्हणतात. दिरंगाईबद्दल ते बरोबर आहेत. अनुदानाची वाट पाहणाऱ्या ग्रंथपालांचे हाल सर्वांना माहीत आहेत. तरीही ती ग्रंथालये आहेत, आणि त्यांच्यामुळे वाचलेली पुस्तके आहेत. अस्सल लोकसंगीत कोणते हे अधिकारी ठरवू लागतील, ही भीती मला अधिक रास्त वाटते. त्यासाठी शुद्धतेची व्याख्याच करू नये. ऑक्टोपॅडवर गायलेले भीमगीत, ताजुद्दीन बाबांच्या उरुसातली कव्वाली, खंजिरीवरचे राष्ट्रसंतांचे भजन आणि पोळ्याच्या झडत्या या सगळ्यांना एकच निकष लावावा: ज्या लोकांचे ते गाणे आहे ते त्याला आपले मानतात का. कीबोर्ड हवा की नको, हे गाणाऱ्याने ठरवावे. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा तिच्या प्राचीन ग्रंथांचा गौरव झाला आणि तो योग्यच होता. वऱ्हाडी आणि पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीतली गाणी हीदेखील त्याच भाषेची संपत्ती आहे, आणि त्यांतली बहुतेक अजून कोणत्याही कागदावर उतरलेली नाहीत.

अनुदान कधी मिळते, यावरही बरेच अवलंबून राहील. सरकारी पैसा बहुधा मार्चअखेरीस सुटतो आणि तो तातडीने खर्च करावा लागतो. आमच्याकडे पावसाळ्यात माणसे रोवणीत असतात, दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येते आणि लगेच झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम लागतो, जो होळीपर्यंत चालतो. उरतात ते उन्हाळ्याचे दिवस. तेव्हा अशी योजना कोणी आखलीच, तर तीत मार्चमध्ये मिळालेली रक्कम जूनपर्यंत वापरण्याची मुभा असावी, आणि गाणाऱ्यांना शहरात आणण्याऐवजी यंत्रे घेऊन गावी जाण्याचा खर्चही धरलेला असावा, कारण म्हाताऱ्या बाया नागपूरपर्यंत येत नाहीत आणि त्यांच्या अंगणात त्यांना गाणी अधिक आठवतात.